‘द मिशन साँग’: दुभाष्याच्या हेरकथेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन ल कारे यांची ‘द मिशन साँग’ २००६ साली आली. तिच्याबद्दल वाचकांचं आजवर एकमत झालेलं नाही. कुणी ती एका बैठकीत संपवतो, कुणी ऐंशीव्या पानावर खूण घालून कपाटात ठेवून देतो. वाचलेल्या, अर्ध्यात सोडलेल्या आणि घ्यावी की नको अशा विचारात असलेल्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कथानकाचा मधला भाग बऱ्याच उत्तरांत येतो. शेवट मात्र एकाच उत्तरात सांगितला आहे आणि तिथे तशी सूचना दिली आहे.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

ब्रुनो साल्व्हादोर ऊर्फ साल्व्हो हा लंडनमधला तरुण दुभाषी. बाप आयरिश कॅथलिक मिशनरी, आई काँगोतल्या एका गावप्रमुखाची मुलगी. पूर्व काँगोतल्या मिशनच्या आवारात वाढताना त्याने आसपासच्या भाषा कानांनी उचलल्या आणि पुढे इंग्लंडमध्ये त्याच भाषांवर पोट भरायला लागला. इंग्रजी, फ्रेंच आणि स्वाहिली तर येतातच, शिवाय शी, बेम्बे, किन्यारवांडा अशा बाहेरच्या जगाने नावही न ऐकलेल्या भाषा त्याच्या जिभेवर आहेत. इस्पितळं, कोर्टं आणि कंपन्या यांच्यासाठी तो उघडपणे काम करतो; ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी चोरून टिपलेले फोन ऐकतो, ते लपून.

एके संध्याकाळी पत्नीच्या सन्मानाची पार्टी सोडून त्याला एका तातडीच्या कामावर जावं लागतं. खोटं नाव देऊन त्याला उत्तरेकडच्या समुद्रातल्या एका निनावी बेटावर नेलं जातं. तिथे पूर्व काँगोतले तीन प्रतिस्पर्धी आणि पाश्चात्त्य भांडवलदारांचं एक बिनचेहऱ्याचं मंडळ यांच्यात गुप्त बोलणी व्हायची असतात. साल्व्होला सांगितलं जातं की हे काँगोच्या भल्यासाठी आहे, आणि त्याचा त्यावर विश्वास बसतो. पण त्याला आणखीही भाषा कळतात हे बोलणाऱ्यांना ठाऊक नसतं, त्यामुळे जे त्याच्या कानावर पडायला नको होतं ते पडतं.

वाचकांत एवढे दोन तट का?

नाराज वाचकांच्या तक्रारींत तीन गोष्टी सतत येतात: पुस्तक संथ आहे, नायक नको इतका भोळा आहे, आणि लेखक मधूनमधून व्याख्यान देतो. आवडलेले वाचक नेमक्या त्याच गोष्टींची तारीफ करतात. त्यांच्या मते संथपणातून ताण चढत जातो, भोळेपणामुळे विश्वासघात बोचतो आणि लेखकाचा संताप खरा आहे.

माझं मत स्पष्ट सांगते. या पुस्तकात जे काही घडतं ते ऐकण्यात घडतं. साल्व्होच्या कानात जाऊन बसलात तर मधली दीडशे पानं अंगावर येतात. बाहेर बसून पाठलाग आणि गोळीबाराची वाट बघत राहिलात, तर हाती फक्त एक लांबलेली बैठक लागते. बहुतेक मतभेदांचं मूळ इथे आहे. काही दोष त्यापलीकडचे आणि खरे आहेत, ते मी पुढे सांगतेच.

सुरुवात फार रेंगाळते, हे खरं का?

हो. साल्व्हो स्वतःची ओळख करून देण्यात बराच वेळ घेतो. जन्म, मिशन, बोर्डिंग, लग्न, पहिली नोकरी, सगळं सांगतो, तेही थोड्या जुनाट आणि अतिसभ्य इंग्रजीत. मिशनऱ्यांकडून भाषा शिकलेला, इंग्रजांपेक्षा जास्त इंग्रज व्हायला धडपडणारा माणूस असाच बोलेल, हे पुढे पटतं. पण पन्नासाव्या पानाला ते पटलेलं नसतं, आणि वाचक तिथेच गळतात. संपादकाने पंधरावीस पानं कापली असती तर बिघडलं नसतं.

तरी त्या भागातला इस्पितळातला प्रसंग चुकवू नका. मरणासन्न रवांडन माणूस, त्याच्या उशाशी काँगोची नर्स हॅना, आणि मध्ये साल्व्हो. शेवटच्या घटका मोजणाऱ्याचे शब्द त्याच्याच भाषेत ऐकून दुसऱ्याला सांगायचे, हे काम काय असतं ते तिथे दिसतं. पुढच्या बेटावरच्या प्रसंगांची सगळी तयारी त्या खोलीत झालेली आहे.

ही हेरकथा आहे तर हेरगिरी कुठे आहे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

बेटावरच्या घरात खोल्या, पायवाटा, बागेतली बसायची जागा, सगळीकडे मायक्रोफोन पेरलेले आहेत. ती यंत्रणा सांभाळणारा स्पायडर नावाचा तंत्रज्ञ आहे. साल्व्होचं काम दुहेरी. टेबलावर बसून तो फ्रेंच, स्वाहिली आणि इंग्रजी अशी उघड दुभाषेगिरी करतो. त्याला एवढंच येतं असं पाहुण्यांना भासवलेलं असतं. मध्यंतर झालं, पाहुणे बाहेर पडले, की तो तळघरात उतरतो, कानाला हेडफोन लावतो आणि ते आपसात काय बोलतात ते ऐकतो. त्या वेळी त्याच्या लपवलेल्या भाषा कामी येतात. टेबलावर हसून मान डोलावणारा माणूस पायऱ्यांवर आपल्या माणसाला आपल्या बोलीत काय सांगतो, ते ऐकून वरच्या मालकांना कळवायचं.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. सोलापुरात मराठी गिऱ्हाईक समोर असताना गल्ल्यावरचे दोघे मालाच्या किमतीबद्दल तेलुगूत बोलतात, आणि त्या गिऱ्हाइकाला तेलुगू येत असेल तर त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. तेच कसब ल कारे यांनी राजकारणाच्या टेबलावर नेलं आहे आणि डावावर माणसांचे जीव लावले आहेत.

म्हणजे पुस्तकात हेरगिरी भरपूर आहे, फक्त ती खुर्चीत बसून केलेली आहे. ल कारे स्वतः गुप्तचर खात्यात होते. त्याआधी तरुणपणी सैन्यात असताना, ऑस्ट्रियात, सीमा ओलांडून आलेल्या लोकांची जर्मन भाषेत चौकशी करण्याचं काम त्यांनी केलं होतं. खऱ्या हेरगिरीचा मोठा भाग ऐकणं, टिपणं आणि अर्थ लावणं असतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बेटावरची परिषद फारच लांबली आहे, असं वाटत नाही का?

लांबली आहे. पण तिला हात लावू नये असं मला वाटतं.

परिषदेला आलेली माणसं बघा. फ्रँको हा माईमाई, म्हणजे पूर्व काँगोतल्या स्थानिक सशस्त्र टोळ्यांतल्या, लढवय्यांचा म्हातारा सरदार. द्यूदोने बन्यामुलेंगे समाजाचा, म्हणजे रवांडाशी नातं सांगणाऱ्या, काँगोत परका ठरवल्या गेलेल्या लोकांचा. तिसरा हाज, पूर्व काँगोतल्या बुकाव्हू शहराच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा, पॅरिसमध्ये शिकलेला, भडक कपड्यांतला, बडबड्या, सगळ्यांची टर उडवणारा. या तिघांना एकत्र आणणारा नेता म्हणजे म्वांगाझा, संतासारखा बोलणारा वृद्ध राजकारणी. त्याला पूर्व काँगोच्या गादीवर बसवायचं, निवडणुकीआधीच सत्ता घ्यायची, खाणी ताब्यात घ्यायच्या आणि नफ्यातला एक हिस्सा ‘लोकांचा वाटा’ म्हणून ठेवायचा, असा बेत आहे.

इथे एक तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. करारनाम्याचा मसुदा फ्रेंचमध्ये आहे आणि त्यात शस्त्रांचं नावही नाही. त्यात शेतीची अवजारं आहेत: फावडी, कुदळी, हातगाडे. साल्व्होला हा मजकूर तोंडी उतरवून सांगायचा आहे. टेबलावरच्या प्रत्येकाला हातगाडा म्हणजे काय ते माहीत आहे, तरी प्रत्येकजण हातगाड्यांबद्दलच घासाघीस करतो. दुभाष्याने काय करायचं? जे म्हटलं गेलं ते सांगायचं. त्या काही पानांत मला जेवढी भीती वाटली तेवढी बंदुका रोखलेल्या कित्येक प्रसंगांत वाटलेली नाही.

मग हाज अडून बसतो. मध्यंतरात त्याला वेगळ्या खोलीत नेतात आणि त्याचा छळ करतात. साल्व्हो तळघरात हेडफोन लावून बसलेला आहे. दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येतं, आणि वाचकालाही तेवढंच मिळतं. ओरडण्याला भाषांतर लागत नसतं, तरी त्याचा हात सवयीने वहीकडे जातो. कादंबरीचा कणा हा प्रसंग आहे. पुस्तक ज्यांना आवडलं नाही तेही बहुधा या प्रकरणाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

शीर्षकाचा धागाही इथलाच. मिशनच्या शाळेत शिकवलेलं एक गाणं हाज गुणगुणतो, आणि ते साल्व्होलाही पाठ असतं. दोघांचं बालपण एकाच प्रकारच्या शाळेत गेलेलं आहे.

साल्व्हो एवढा भोळा कसा? गुप्तचर खात्यात काम करणाऱ्याला इतकंही कळत नाही?

ही तक्रार मला अर्धीच मान्य आहे.

साल्व्हो आयुष्यभर कुणाचा तरी लपवून ठेवलेला मुलगा राहिला आहे. आधी मिशनचा, मग चर्चच्या वसतिगृहाचा, मग पत्नीच्या बड्या घराण्याचा. गुप्तचर खात्यातले त्याचे वरिष्ठ मि. अँडरसन त्याला पहिल्यांदा आदराने वागवतात, देशाचा विश्वासू माणूस म्हणतात. त्या माणसाकडे तो संशयाने बघणार कसा? त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. आपलंसं करून घेतलं जाण्याची त्याला भूक आहे, आणि भुकेला माणूस ताटातलं निवडत बसत नाही.

जी अर्धी तक्रार मान्य आहे ती अशी: परत आल्यावर, सगळं उमगल्यावरही, तो एकेका मोठ्या माणसाचा दरवाजा ठोठावत जातो. आधी लॉर्ड ब्रिंकली, मग अँडरसन. पहिली चूक पटते. दुसऱ्या वेळी वाचक त्याच्या दहा पावलं पुढे असतो आणि त्याची वाट बघत ताटकळतो. तिथे कादंबरीचा वेग पडतो आणि त्याला बचाव नाही.

गोऱ्या इंग्रज लेखकाने काँगोच्या मिश्रवंशीय तरुणाच्या तोंडून गोष्ट सांगावी का?

ल कारे यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच जोसेफ कॉनराड यांच्या काँगोविषयक कादंबरीतला उतारा दिला आहे. पृथ्वी जिंकणं म्हणजे बहुधा वेगळ्या वर्णाच्या लोकांकडून ती हिसकावून घेणं, अशा आशयाचा. म्हणजे आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत याची लेखकाला जाणीव आहे. कादंबरीसाठी ते स्वतः बुकाव्हूला जाऊन आले होते आणि काँगोचा अभ्यास असलेल्यांची मदत त्यांनी घेतली होती.

माझ्या मते हाज हे पूर्णपणे जिवंत पात्र आहे. त्याची थट्टा, त्याचा राग, बापावरचं प्रेम आणि बापाचीच लाज, यांतलं काही उसनं वाटत नाही. द्यूदोने थोडक्यात येतो पण लक्षात राहतो. साल्व्हो मात्र कधी कधी लेखकाच्या पिढीतल्या बोर्डिंग शाळेतल्या मुलासारखा बोलतो. २००६ सालच्या लंडनमधला तरुण मुलगा तिथे ऐकू येत नाही. मिशनऱ्यांनी घडवलं म्हणून तसं, हे उत्तर काही अंतरापर्यंत चालतं, पुढे थकतं. ब्रिटनमधल्या आफ्रिकी वंशाच्या वाचकांना हे जास्त खटकलं तर नवल नाही.

पेनेलोपी आणि हॅना ही पात्रं पटली नाहीत. तुमचं मत?

माझंही तेच. पत्नी पेनेलोपी ही महत्त्वाकांक्षी गोरी पत्रकार, उच्चभ्रू घरातली. लेखकाने तिला एकही चांगली बाजू दिलेली नाही. हॅना उलट, तिच्यात एकही डाग नाही. नर्स आहे, आई आहे, देशावर प्रेम करते, चर्चला जाते, आणि नेहमी योग्य तेच बोलते. दोन स्त्रिया समोरासमोर ठेवून एकीला दोष आणि दुसरीला देवत्व देणं हा जुना आळस आहे, आणि इतक्या मोठ्या लेखकाकडून तो जास्तच जाणवतो. हॅनाला एखादी चूक करू दिली असती, तिच्या मुलाला युगांडात मावशीकडे सोडून लंडनला राहण्याबद्दलची घालमेल आणखी उघडी केली असती, तर शेवट कितीतरी जड झाला असता.

काँगोबद्दल काहीच माहीत नाही. तरी कळेल का?

कळेल, पण थोडी तयारी असली तर बरं.

काँगो १८८५ ते १९०८ बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता, पुढे बेल्जियमची वसाहत. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य मिळालं, आणि पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांची जानेवारी १९६१ मध्ये हत्या झाली. नंतर हुकूमशहा मोबुतूची तीन दशकं. १९९४ च्या रवांडातल्या नरसंहारानंतर निर्वासित आणि मारेकरी दोघेही सीमा ओलांडून पूर्व काँगोतल्या किवू प्रांतांत आले आणि तिथून दोन युद्धं पेटली, पहिलं १९९६-९७ मध्ये, दुसरं १९९८ ते २००३. रोगराई आणि उपासमारीने मेलेले धरून बळींचे अंदाज लाखांत आहेत. कादंबरीचा काळ २००६ च्या निवडणुकीच्या तोंडावरचा आहे. प्रत्यक्षात पहिल्या फेरीचं मतदान ३० जुलै २००६ ला झालं.

खनिजांमध्ये सोनं, कथील आणि मुख्य म्हणजे कोल्टान. त्यातून टँटलम धातू मिळतो आणि तो मोबाइल, संगणक यांतल्या छोट्या कपॅसिटरमध्ये जातो. हे पुस्तक तुम्ही फोनवर वाचत असाल तर विषय तुमच्या हातात आहे.

नकाशा उघडून किवू सरोवर शोधा. उत्तर टोकाला गोमा, दक्षिण टोकाला बुकाव्हू, पलीकडच्या काठाला रवांडा. एवढं डोक्यात बसलं की कोण कुणाला का घाबरतो ते आपोआप उलगडतं. गोमाच्या परिसरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यामुळे आपल्याकडच्या काही घरांत ही नावं अगदी अनोळखी नाहीत.

भाडोत्री सैनिक घेऊन देशाचा तुकडा ताब्यात घेण्याचा कट? हे फार फिल्मी नाही का?

मार्च २००४ मध्ये हरारेच्या विमानतळावर एक विमान अडवलं गेलं आणि त्यातले भाडोत्री सैनिक पकडले गेले. बेत होता तेलसंपन्न इक्वेटोरियल गिनीतलं सरकार उलथवण्याचा. म्होरक्या सायमन मान हा ब्रिटिश सैन्यातला माजी अधिकारी, उच्चभ्रू शाळेत शिकलेला. माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क थॅचर याने जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत या प्रकरणाशी संबंधित गुन्हा कबूल करून दंड भरला.

हे सगळं कादंबरीच्या एकदोन वर्षं आधीचं. मॅक्सी हा कादंबरीतला भाडोत्री पुढारी, त्याचं ते मित्रत्वाने खांद्यावर हात ठेवणं, पैसा पुरवणाऱ्यांची नावं कुठेच नसणं, हे वाचताना बातम्यांची आठवण होणारच. फिल्मी वाटावं असं त्यात फारच थोडं आहे.

खरा दुभाषी असं वागेल का?

या व्यवसायातल्या वाचकांचे आक्षेप मला सगळ्यांत रंजक वाटतात, कारण ते नेमके असतात.

पहिला आक्षेप थकव्याचा. समांतर दुभाषेगिरीत, म्हणजे वक्ता बोलत असतानाच दुसऱ्या भाषेत बोलत जाणं, बूथमध्ये सहसा दोघं असतात आणि अर्ध्या तासाच्या आसपास पाळी बदलतात. त्याहून जास्त वेळ डोकं तेवढं धारदार राहत नाही. साल्व्हो मात्र एकटाच टेबलही सांभाळतो आणि तळघरही. हा आक्षेप बरोबर आहे, जरी बरंचसं काम वक्ता थांबल्यावर बोलण्याचं असलं तरी.

दुसरा वहीचा. अशा कामात दुभाषी शब्दन् शब्द लिहीत नाही. बाण, रेघा, आकडे, स्वतःच्या खुणा, तिरक्या उतरत गेलेल्या ओळी. दुसऱ्याला ती वही वाचता येत नाही. ल कारे यांनी हे अचूक पकडलं आहे, आणि त्या वह्या पुढे कथानकात फार मोलाच्या ठरतात.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा: दुभाष्याने ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं. या व्यवसायाचा तो पहिला नियम आहे आणि आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही आहे. म्हणून काही दुभाष्यांना साल्व्होने बेटावरून ध्वनिफिती आणि वह्या पळवणं मुळातच पटत नाही. माझं उत्तर असं की कादंबरी हा नियम हलका मानत नाही. साल्व्हो नियम मोडताना तुटतो, कारण त्याच्याकडे अभिमान बाळगावा असं दुसरं काही नाही.

आणि प्रत्यक्षात असं घडलेलं आहे. ब्रिटनच्या संदेश टिपणाऱ्या खात्यात कॅथरिन गन ही चिनी भाषेची अनुवादक होती. इराक युद्धाआधी सुरक्षा परिषदेतल्या देशांवर पाळत ठेवायला मदत मागणारा एक संदेश तिच्या नजरेस पडला. तिने तो बाहेर दिला आणि २ मार्च २००३ ला तो वर्तमानपत्रात छापून आला. तिच्यावर खटला भरला गेला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारने तो सोडून दिला. साल्व्होच्या गोष्टीला असा शेजार आहे.

मधे बसणारा माणूस इतिहासातही सहसा विसरलाच जातो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन तहाची बोलणी करायला रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने दुभाष्याचं काम नारायण शेणवी यांनी केलं. ऑक्झिंडेनचं नाव शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं, शेणव्यांचं किती जणांना माहीत असतं? अशा माणसाला नायक केल्याबद्दल मी या कादंबरीची ऋणी आहे.

लेखक राजकीय व्याख्यान देतात, ही तक्रार बरोबर आहे का?

काही पानांपुरती. इराक युद्धाच्या काळापासून ल कारे उघडपणे संतापलेले होते आणि त्यांच्या त्यापुढच्या लेखनात तो राग उतरला. इथे तो सर्वांत जड होतो तो म्वांगाझाच्या बोलण्यात आणि हॅनाच्या तोंडच्या काही संवादांत. पण मी विचारते, चाळीस लाखांच्या आसपास माणसं मेल्याचे अंदाज समोर असताना लेखकाने आवाज किती खाली ठेवावा? रागाबद्दल मला तक्रार नाही. हाजच्या तोंडी तो राग विनोदातून येतो तेव्हा तो जास्त खोल लागतो, आणि लेखकाने त्याच वाटेवर राहायला हवं होतं, एवढंच.

शेवट इतका का खटकतो? (या उत्तरात शेवट सांगितला आहे.)

साल्व्हो पुरावे घेऊन फिरतो, कुणी ऐकत नाही. कट फसतो खरा, पण मोठ्या माणसांना झळ लागत नाही. हॅनाला ब्रिटनमधून हाकललं जातं. साल्व्होला सांगितलं जातं की तू ब्रिटिश नागरिकच नाहीस, आणि तो स्थानबद्ध लोकांच्या छावणीत रवानगीची वाट बघत राहतो.

वाचकांचे तीन आक्षेप असतात. कुणाला शिक्षा झाली नाही, हा पहिला. सगळं घाईत आटोपलं, हा दुसरा. आणि तिसरा अगदी उलटा: शेवटी साल्व्हो हॅनाच्या मुलाला उद्देशून लिहितो तो भाग फार आशावादी आहे.

घाई झाली आहे हे खरं. परिषदेला दिलेल्या पानांच्या मानाने शेवटाला फारच थोडी जागा मिळाली. पण नागरिकत्व जाणं हे मला पुस्तकातलं सर्वांत नेमकं पाऊल वाटतं. ज्या देशासाठी त्याने कान गहाण ठेवले, तो देश कागद दाखवून म्हणतो की तू आमचा नव्हतासच. ब्रिटनमध्ये नागरिकत्व काढून घेण्याचे सरकारी अधिकार त्याच वर्षी, २००६ च्या कायद्याने, वाढवले गेले होते. आणि आशेचं म्हणाल तर साल्व्हो परत जाणार आहे तो हॅनाकडे आणि त्याच्या जन्मभूमीकडे. त्याला ते परतणं शिक्षा वाटत नाही. शिक्षा देणाऱ्यांना हे कळत नाही, आणि मला तो उलटा डाव फार आवडला.

छापील घ्यावं की ऑडिओ?

सुरुवातीला अडकला असाल तर ऑडिओ. डेव्हिड ओयेलोवो यांनी वाचलं आहे आणि प्रत्येक माणसाचा उच्चार वेगळा ठेवला आहे. छापील पानावर साल्व्होची जी भाषा ताठर वाटते ती कानावर पडली की त्यातली धडपड ऐकू येते. ऐकण्यावरचं पुस्तक ऐकून वाचण्यात एक औचित्यही आहे. मात्र पात्रांची आणि गावांची नावं डोळ्यांसमोर असावीत म्हणून एका कागदावर लिहून ठेवा.

ल कारे कधीच वाचले नाहीत. इथून सुरुवात करू का?

भाषा, दुभाषे, आफ्रिका यांपैकी कशात रस असेल तर बेलाशक करा. हेरकथेचीच ओढ असेल तर त्यांच्या शीतयुद्धावरच्या, १९६० आणि ७० च्या दशकांतल्या कादंबऱ्यांपासून करा. त्या जास्त घट्ट विणलेल्या आहेत. त्यांच्याच केनियात घडणाऱ्या, औषध कंपन्यांवरच्या २००१ सालच्या कादंबरीशी हिची तुलना नेहमी होते आणि बहुतेक वाचक त्या पुस्तकाला वरचं स्थान देतात. रचनेच्या बाबतीत मीही देते. पण हाजसारखं पात्र तिथे नाही.

इतकी वर्षं झाली. आज वाचण्यात काय अर्थ?

एम-२३ या बंडखोर गटाने रवांडाच्या पाठबळावर जानेवारी २०२५ च्या अखेरीस गोमा घेतलं आणि फेब्रुवारीत बुकाव्हू. कादंबरीत ज्या शहरावर कुणी डोळा ठेवला आहे, तेच शहर. खनिजं तीच, सरोवर तेच. बातमी आली तेव्हा मी हाजच्या बापाच्या घराबद्दलची पानं पुन्हा काढून वाचली.

पुस्तकगटात घ्यायचं तर काही सूचना?

पूर्ण पुस्तक एका बैठकीत चर्चेला घेऊ नका, भांडण ‘संथ आहे’ आणि ‘संथ नाही’ यावरच संपतं. छळाचं प्रकरण आणि करारनाम्याचं प्रकरण एवढीच दोन आधी मोठ्याने वाचा. गटात दोनतीन भाषा येणारं कुणी असेल, कोर्टात किंवा इस्पितळात दुसऱ्यासाठी बोलायची वेळ आलेलं कुणी असेल, तर त्यांना आधी बोलू द्या. छळाचा प्रसंग जबर आहे याची कल्पना सगळ्यांना आधी द्यावी. लहान कॉलेजवयीन मुलं गटात असतील तर विशेष.